नेपाळी बायकांच्या सुटकेच्या गोष्टी सांगाव्यात का? माझं मत : हो, पण अर्ध्यावर थांबू नये

निशिगंध (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात आमच्या भिशीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. नेपाळमधली मुलगी, मुंबईत विकली गेली, पोलिसांनी सोडवली. मागे करुण बासरी. आठ जणींनी रडणारे चेहरे टाकले आणि नवव्या मेसेजला बिडाच्या तव्याची चौकशी सुरू झाली. एक मैत्रीण नंतर फोनवर म्हणाली, असलं काही पसरवूच नये, त्या बाईची अब्रू पुन्हा चव्हाट्यावर येते. मला ते पटलं नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की या गोष्टी सांगायलाच हव्यात, फक्त आपण चुकीच्या जागी थांबतो. पोलीस दार फोडून आत शिरले की आपली गोष्ट संपते. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईत मोठे छापे पडले. चारशेहून जास्त मुली बाहेर काढल्या, त्यांतल्या जवळपास निम्म्या नेपाळी. बातमी झाली, वाहवा झाली. पुढे? मुली इथल्या सुधारगृहांत महिनोन् महिने पडून. त्यांना परत न्यायला नेपाळ सरकार काचकूच करत होतं, कारण त्या नेपाळच्याच हे सांगणारा कागद त्यांच्याकडे नव्हता. शेवटी जुलैमध्ये तिथल्या संस्थांनी शंभराहून जास्त मुलींना काठमांडूला नेलं, तर तिथल्या पेपरांत चर्चा कसली, तर या एचआयव्ही घेऊन आल्या याची.

त्यांच्यातल्या पंधरा जणींनी ‘शक्ती समूह’ काढला. संस्था नोंदवायला नागरिकत्वाचा दाखला लागतो, तो यांच्याकडे कुठला? नोंदणी व्हायला २००० साल उजाडलं. २०१३ मध्ये याच संस्थेला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. संस्थापकांपैकी चारीमाया तामाङ नेपाळच्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यातली, सोळाव्या वर्षी विकली गेलेली. तिने १९९७ मध्ये स्वतः पोलिसांत जाऊन विकणाऱ्यांवर खटला भरला आणि त्यांना शिक्षा झाली. आधी असं कुणी केलं नव्हतं. ही गोष्ट दडवून कुणाची अब्रू वाचते ते मला सांगा.

गिरगावकर

ताई, चारीमायाने स्वतः तोंड उघडलं. तिचं नाव घ्यायला माझी ना नाही. पण त्या व्हिडिओतल्या पोरीला कुणी विचारलं होतं?

माझ्या वडिलांचं ग्रँट रोडला दुकान होतं. छाप्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो यायचे, ओढणीत तोंड लपवलेल्या बायकांचे. गिऱ्हाइकं ते चवीने बघायची आणि ‘ही कुठल्या गल्लीतली’ म्हणून ओळखायचीसुद्धा. सुप्रीम कोर्टाने १९ मे २०२२ च्या आदेशात माध्यमांना बजावलंय की छाप्यात आणि सुटकेत या बायकांची ओळख उघड करू नका, फोटो छापू नका. ते उगाच नाही. मोबाइलवर ढकलणारे आपण सगळे आता माध्यमंच झालोय.

मिरजेची_मावशी

मला ‘सुटका’ या शब्दावरच बोलायचंय. आमच्या सांगली भागात वेश्या अन्याय मुक्ती परिषद आहे, धंद्यातल्या बायकांचीच. त्या कित्येक वर्षं घसा कोरडा करून सांगतायत की छापा पडला की आमची कमाई जाते, पोरं एकीकडे आणि आम्ही सुधारगृहात दुसरीकडे. कायद्याने सज्ञान असलेल्या बाईला तिच्या मनाविरुद्ध कोंडलं तर त्याला सुटका म्हणायचं की अटक? वर जो कोर्टाचा आदेश सांगितलाय, त्यातच अशा कोंडलेल्या बायकांचा आढावा घ्यायलाही सांगितलंय. तेवढं सोडून बाकीचंच सांगितलं जातं. गोष्टी सांगणाऱ्यांना ही बाई नको असते, कारण ती रडत नाही, भांडते.

निशिगंध

मावशी, सज्ञान बाईबद्दल तुमच्याशी वाद नाही. पण मी सोळा वर्षांच्या मुलीबद्दल लिहिलंय. तिच्या बाबतीत ‘मनाविरुद्ध की मनाने’ हा प्रश्नच मला ऐकवत नाही.

मिरजेची_मावशी

मलाही नाही. पण छाप्यात बत्तीस वर्षांचीला आणि सोळा वर्षांचीला एकाच गाडीत कोंबतात, आणि व्हिडिओत दोघींच्या मागे तीच बासरी वाजते.

बारा_गावचं_पाणी

भावनांचं चालू द्या, मी आकड्यांवर येतो. ‘दरवर्षी नेपाळमधून पाच ते सात हजार मुली विकल्या जातात’ हे वाक्य मी कॉलेजात असताना वाचलं होतं. आता माझा मुलगा कॉलेजात आहे आणि आकडा तोच! ना वाढला ना घटला. अभ्यासकांनी माग काढला तर त्याला धड बूड सापडेना. तरी प्रत्येक पत्रकात हजर.

आणि गोष्टी विकायला लागल्या की काय होतं ते कंबोडियात दिसलं. सोमाली माम, मीही विकली गेले होते असं सांगत मुली सोडवणारी तिथली कार्यकर्ती, जगभर गाजली, देणग्यांचा पूर आला. मग २०१४ मध्ये तिच्या कहाणीतल्या विसंगती छापून आल्या आणि तिला स्वतःच्याच संस्थेतून पायउतार व्हावं लागलं. एक कहाणी खोटी ठरली की खरं सांगणाऱ्या दहा जणींकडेही लोक संशयाने बघतात. म्हणून माझं मत : गोष्टी कमी, खटल्यांची कागदपत्रं जास्त.

गिरगावकर

कागदपत्रं कोण वाचतंय हो. तुम्ही सोडून.

काठमांडूची_सून

इथे राहून सतरा वर्षं झाली, म्हणून थोडं लांबण लावते.

पहिलं म्हणजे नेपाळी बाईचं शोषण म्हटलं की मराठी माणसाला फक्त कामाठीपुरा आठवतो. तराईच्या, म्हणजे नेपाळच्या सपाट पट्ट्याच्या, पश्चिमेला दाङ, बर्दिया, कैलाली या जिल्ह्यांत थारू समाजात कमलरीची प्रथा होती. आपण ज्या दिवशी तिळगूळ वाटतो, त्याच संक्रांतीला थारूंची माघी असते, त्यांचं नवं वर्ष. त्या दिवशी पोरींचे वर्षाचे करार व्हायचे. सहा-आठ वर्षांची पोर थोड्याशा पैशांवर शहरातल्या घरी धुणंभांडी करायला. घरं कुणाची, तर शिकल्यासवरल्यांची, अधिकाऱ्यांची. शांता चौधरी आठव्या वर्षी गेली, अठरा वर्षं राबली आणि २००८ मध्ये संविधान सभेत निवडून आली. २०१३ मध्ये एक बारा वर्षांची कमलरी भाजून मेली तेव्हा सुटलेल्या कमलरीच रस्त्यावर उतरल्या, पोलिसांचा मार खाल्ला, आणि त्या जूनमध्ये सरकारने प्रथा संपल्याचं जाहीर केलं. यात कुणी दार फोडलेलं नाही, म्हणून व्हिडिओ नाही.

दुसरं निशिगंध यांना टोचेल. या गोष्टींची किंमत इथल्या बाकीच्या बायका मोजतात. ‘आपल्या चेलीबेटी (लेकीबाळी) विकल्या जातात’ हे इतकं बिंबवलंय की सरकारला उपाय एकच सुचतो : बायकांना बाहेर सोडूच नका. २०१२ मध्ये तिशीच्या आतल्या बायकांना आखातात घरकामाला जायला बंदी. २०१७ मध्ये ती सगळ्या वयांना. जाणाऱ्या थांबल्या का? छे. खुल्या सीमेवरून भारतात आल्या आणि दिल्ली-मुंबईच्या विमानतळांवरून उडाल्या, दलालाच्या हातात आणखी घट्ट सापडून. २०२१ मध्ये इमिग्रेशन खात्याने प्रस्ताव आणला : चाळिशीच्या आतली बाई एकटी आखातात किंवा आफ्रिकेत फिरायला निघाली तर घरच्यांची संमती आणि वॉर्डाची शिफारस आणावी. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते. माझ्या नणंदेची बॉस त्याच वयाची. काठमांडूत बायका मोर्चाला उतरल्या. सरकारकडे कारण तयार होतं, तुमच्या सुरक्षेसाठीच करतोय.

बारा_गावचं_पाणी

हे नवीन कळलं. धन्यवाद.

निशिगंध

टोचलं. पण मग गोष्टच सांगू नये असं कुठे ठरतं? बंदी घालणाऱ्यांनी अर्धी गोष्ट ऐकली, बाई किती भोळी एवढीच. चारीमाया कोर्टात उभी राहिली हा भाग त्यांनी ऐकला असता तर बंदीऐवजी दलालांवर खटले सुचले असते. मी सुरुवातीला हेच म्हणत होते, जरा कमी आवाजात.

जाता जाता, सुटून आलेल्या मुलींना आसरा देणाऱ्या, अनुराधा कोइराला यांच्या १९९३ च्या नेपाळी संस्थेचं नाव ‘माइती नेपाल’. माइती म्हणजे माहेर. मला ते नाव ऐकून भरून आलं होतं.

काठमांडूची_सून

नाव सुंदरच आहे. पण सुटून आलेल्या कित्येकींना खरं माहेर दारात उभं करत नाही, म्हणून तर ते नाव ठेवावं लागलं. आणि इथे त्यांना ‘पीडित’ म्हटलेलं चालत नाही बरं का, ‘प्रभावित’ म्हणतात.

तटस्थ_नाही

सगळा धागा वाचला. नेपाळी मुलगी आहे, नेपाळी दलाल आहे, नेपाळ सरकार आहे, मराठी पोलीस आहे. सोळा वर्षांच्या मुलीच्या खोलीत पैसे मोजून जाणारा कुठाय? तो काही डोंगर उतरून आलेला नव्हता. गिरगावकरांच्या वडिलांच्या दुकानावर पेपर चाळणारा तोच असेल. ताई, तुमच्या ग्रुपवर गोष्ट टाकणार असाल तर त्याच्यासकट टाका.

गिरगावकर

दुकानावर यायचे ते. खोटं कशाला बोलू. वडील त्यांना चहाही पाजायचे.

निशिगंध

काल ग्रुपवर व्हिडिओ न टाकता चार ओळी लिहिल्या : शक्ती समूहाला साध्या नोंदणीसाठी चार वर्षं लागली, कारण दाखला नव्हता. रडणारे चेहरे शून्य. एकीने मात्र विचारलं, मग त्यांच्या मुलांचं काय, आईच्या नावाने दाखला मिळत नाही का? काठमांडूच्या ताई, हे तुम्हीच सांगा.

काठमांडूची_सून

२०२३ च्या दुरुस्तीनंतर मिळू शकतो, बापाचा ठावठिकाणा नसेल तर. त्यासाठी आईने तसं स्वतः लिहून द्यायचं. खोटं निघालं तर शिक्षा. तुमच्या मैत्रिणीला सांगा, प्रश्न बरोबर ठिकाणी विचारलाय.