आताच्या पोरींना फक्त सुख हवंय म्हणे

तिखटमीठ:
सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर काल एका काकांनी टाकलं, "पूर्वीच्या स्त्रीमुक्तीवाल्या हुंडा, बलात्कार यासाठी रस्त्यावर उतरायच्या, आताच्या पोरींना फक्त बेडरूममधलं सुख हवंय." खाली सोळा अंगठे, त्यातले पाच बायकांचे. काका सेक्रेटरी आहेत आणि आमच्या गळतीचं काम त्यांच्याकडे अडकलंय म्हणून तिथे गप्प बसले, इथे ओकते.

पूर्वीच्या बायका सुखाबद्दल कमी बोलल्या, मान्य. पण का? मथुरा केस आठवा. १९७२, देसाईगंजचं पोलीस ठाणं, मथुरा नावाची चौदा-सोळा वर्षांची आदिवासी मुलगी, ठाण्यातच पोलिसांनी बलात्कार केल्याची केस. सेशन्स कोर्टानं काय धरलं तर हिला संबंधांची सवय आहे, म्हणजे संमतीच असणार. नागपूर खंडपीठानं पोलिसांना शिक्षा दिली, ती सुप्रीम कोर्टानं १९७८ ला रद्द केली, का तर अंगावर जखमा नाहीत. आता सांगा, अशा वेळी मोर्चात उभं राहून कोण म्हणणार की बाईलाही इच्छा असते? वकिलानं दुसऱ्या दिवशी तेच कोर्टात वाचून दाखवलं असतं. आधी 'नाही'ला किंमत मिळू दे, 'हो'चं मग बघू, असा हिशोब होता तो. बलात्काराच्या केसमध्ये बाईचं चारित्र्य काढायची कायद्यातली सोय जायलाच २००२ साल संपत आलं. मग त्यांच्या लेकी-नाती पुढचं बोलल्या तर काकांच्या पोटात का दुखतंय?

फुकटसल्ला:
फार ताणताय. र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' १९२७ ला काढलं, बाईच्या कामसुखाबद्दल सरळ लिहिलं. तुमच्या चळवळीला जे इतकी वर्षं जमलं नाही ते एका गणिताच्या प्रोफेसरनं, पुरुषानं, आधीच करून ठेवलं. क्रेडिट द्या की जरा.

तिखटमीठ:
दिलं, पावती फाडू का? 'समाजस्वास्थ्य'वरच्या अश्लीलतेच्या १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं स्वतः डॉ. आंबेडकर उभे राहिले, तरी कर्व्यांना दंड झालाच. पुरुषाची ही गत. बायकांच्या दबलेल्या इच्छांवर कथा लिहिणाऱ्या बाळूताई खऱ्यांना १९३३ साली 'विभावरी शिरूरकर' नावाआड का लपावं लागलं, विचार करा थोडा.

सावलीतली:
दोघंही पेठेतलं बोलताय. आमच्या आज्यांना मोकळेपणा मागावा लागला नाही, गावानं तो लादलाच होता, देवाला मुरळी सोडून नाहीतर तमाशाच्या फडावर नाचवून. माझ्या आईची मावशी फडावर होती, तिचं नाव घरात अजून कुणी काढत नाही. म्हणून २००५ ला डान्सबार बंद झाले तेव्हा मुंबईतल्या काही स्त्री संघटना बारबालांच्या रोजगाराच्या बाजूनं गेल्या आणि दलित-बहुजन बायकांच्या कितीतरी संघटना बंदीच्या बाजूनं. सगळ्यांचं सुख एकाच ताटात वाढू नका.

तिखटमीठ:
पण बंदीनं त्या बायकांच्या चुली विझल्या त्याचं काय? २०१३ ला सुप्रीम कोर्टानंही बंदी टिकवली नाही.

सावलीतली:
वरती त्याच कोर्टाला शिव्या घातल्यात, आता तेच साक्षीदार? सोयीचं आहे.

गिरणगावकर:
सगळं वाचलं. साधा प्रश्न, हे सुख घ्यायचं कुठं? बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फूट आणि आम्ही नऊ माणसं. काका-काकी लग्नानंतर माळ्यावर, शिडी करकरली की अख्खी खोली झोपेचं सोंग घ्यायची. आईबापाला एकांत म्हणजे गणपतीत गावी. आम्हा तिन्ही भावंडांचे वाढदिवस जूनमध्ये येतात, करा हिशोब.

फुकटसल्ला:
आता चाळीच्या पुनर्विकासात ५०० फुटांचे फ्लॅट मिळतायत की तुम्हाला, फुकटात.

गिरणगावकर:
फुकटात?? तीन पिढ्या मिलमध्ये घासल्यात आमच्या. आणि लिफ्टचा मेंटेनन्स काय तू भरणार आहेस? टॉवरमध्ये बसून अक्कल शिकवू नको.

तिखटमीठ:
अहो विषय बायकांच्या सुखाचा आहे, घराच्या एरियाचा नाही!

कोथिंबीर:
तोच आहे. मी कधी लिहीत नाही इथे पण आज राहवलं नाही. लालबागला एक खोली, मध्ये साडीचा पडदा, पलीकडे सासूबाई. त्या खोकल्या की आम्ही थांबायचो. बांगड्या वाजतात म्हणून रात्री काढून ठेवायचे तर सकाळी त्याच विचारणार, हात भुंडे का गं? बावीस वर्षांत मला बरं वाटलं का हा प्रश्नच डोक्यात आला नाही, लवकर आटप एवढंच असायचं. दुखतं म्हणून डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, दोन मुलं झाली ना, आता काय दुखायचं राहिलंय.

फुकटसल्ला:
म्हणजे दोष नवऱ्याचा नाही, चाळीचा. मी तेच म्हणत होतो.

कोथिंबीर:
नवऱ्याचा पण. शनिवारी दुपारी सासूबाई भजनाला जायच्या, दोन तास खोली मोकळी, पोरं शाळेत. तेव्हा हा शेजारी जाऊन मॅच बघायचा.

सावलीतली:
हे असलं कुणी आमच्या शिबिरात बोललं असतं तर मी पुढच्याही शिबिराला गेले असते. तिथे दोन दिवस नुसतं पितृसत्ता, पितृसत्ता. तिखटमीठ, डान्सबारचं मला अजून पटलेलं नाही, पण हे पटलं.

फुकटसल्ला:
बरं बाबा. नवरा दोषी, चाळ दोषी, मॅच दोषी, कर्वे निर्दोष. खूश?

तिखटमीठ:
कर्वे दंड भरून सुटलेले. तुमचं अजून बाकी आहे.

गिरणगावकर:
ते राहू दे, गळतीचं काय झालं?

तिखटमीठ:
सकाळी न राहवून काकांना ग्रुपवरच मथुरा केस ऐकवली. अंगठे पंधरा झाले. बादली आहे तिथेच आहे.