मदत हवी आहे: तोंडाच्या कॅन्सरबद्दल कॉलेजातल्या पोरांशी बोलायचं कसं?

नमस्कार मंडळी. नगर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी कॉमर्स शिकवतो. ‘तुम्ही तरुण आहात’ एवढ्या पात्रतेवर रासेयोही (राष्ट्रीय सेवा योजना) माझ्याच गळ्यात पडलंय, त्यामुळे तंबाखूविरोधी दिन, कर्करोग दिन हे सगळे दिवस माझ्या खात्यावर.

गेल्या ४ फेब्रुवारीला सभागृहात स्लाइड लावल्या. सडलेले गाल, कापलेले जबडे. पुढच्या मुलींनी डोळे झाकले, मागून शिट्ट्या आल्या. शपथ झाली, आभार झाले. दहा मिनिटांनी गेटबाहेर आलो तर शपथ घेतलेलीच चार पोरं टपरीवर मावा घासत उभी.

इकडचा मावा माहीत नसेल त्यांच्यासाठी: सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना पातळ प्लास्टिकच्या कागदात घ्यायचं आणि तळहातावर घासत राहायचं. सुपारी ओलसर, लालसर झाली की कागदाला पीळ देऊन रबर लावायचं, पुडी खिशात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. कॉलेजपासून १०० यार्डांत तंबाखू विकायला बंदी, हा फलक तर मीच रंगवून घेतला. टपरी त्या फलकाच्या सावलीत असते.

मोठ्या माणसांची उदाहरणंही चालत नाहीत. शरद पवारांचं नाव काढलं की ‘साहेबांचं ऑपरेशन २००४ ला झालं सर, अजून सभा घेतात’ हे उत्तर तयार. २०१५ ला आर. आर. आबा तोंडाच्या कॅन्सरने गेले, तेव्हा ही पोरं तिसरी-चौथीत होती.

पण धागा काढायचं खरं कारण वेगळं. डिसेंबरच्या श्रमसंस्कार शिबिरात जेवायला बसलो होतो. शेजारी टी.वाय.चा एक पोरगा. भाकरी आमटीत पार लगदा होईपर्यंत कुस्करत होता. ठेचा पुढे केला तर नको म्हणाला. नगरचा गडी आणि ठेचा नको? ‘झोंबतं सर.’ कुठेतरी वाचलेलं आठवलं, म्हटलं तीन बोटं उभी घाल बरं तोंडात. दोनच गेली. तिसऱ्याला दात आडवे आले. तो हसला, आजूबाजूचे हसले, मला घास जाईना. म्हणाला, ‘मी तंबाखूला हातसुद्धा लावत नाही सर, नुसती सुपारी.’ अकरावीपासून, दिवसाला पाच-सहा पुड्या.

डॉक्टरकडे यायला तयार नाही. एक तर घरी कळेल. दुसरं, त्याच्या चुलत्याच्या कॅन्सरचं ‘सुरी लागली आणि पसरलं’ हे घरात पक्कं बसलंय.

तर विचारायचंय ते हे: याला कसा नेऊ? आणि स्लाइडांऐवजी काय करू? शिवाय मी स्वतः नऊ वर्षं तंबाखू मळलीय, सुटून चार झाली. हे पोरांना ठाऊक आहे, पण व्यासपीठावरून बोलू नये असं प्राचार्यांचं मत. आणि एका मुलीने चिठ्ठी दिलीय: आई मिश्री लावते, सारखं तोंड येतं, हे यात धरायचं का?

दंतकथा:
दंतवैद्य आहे, म्हणून सविस्तर. ‘नुसती सुपारी’ हेच तर कारण. तिच्यातल्या अ‍ॅरेकोलिनमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साठत जातात, गाल आतून पांढुरका आणि ताठ होतो, मग तोंड उघडत नाही. तुम्ही सांगताय ती लक्षणं सबम्यूकस फायब्रोसिसची वाटतात. तपासल्याशिवाय पक्कं सांगणार नाही. गेलेलं पूर्ण परत येत नाही, पण सुपारी आज थांबली तर पुढचं बिघडणं अडतं. यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो, म्हणून दाखवत राहायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच तंबाखूशिवायच्या सुपारीलाही पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींत टाकलंय.

तपासायला तुकडा काढल्याने (बायोप्सी) कॅन्सर पसरत नाही. लोक येतातच उशिरा, तोवर तो पसरलेला असतो आणि बोल सुरीला लागतो. चुलत्यांचं बहुधा तेच झालं असावं.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. पंधरा दिवसांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा असेल तर त्या माउलींनाही पाठवा.

बांधावरची:
सर, प्राचार्यांचं ऐकू नका, सांगा. फक्त ‘मी सोडली’ एवढंच नको, कितव्यांदा सोडली तेही सांगा. माझा भाऊ सात वेळा सोडून आठव्यांदा सुटला; त्याला असं बोलणारं कुणी भेटलं असतं तर दोन-तीन फेऱ्या वाचल्या असत्या. मदतीचा नंबर पुडीवरच छापलेला असतो, १८००-११-२३५६, फुकट आहे. त्याने पुडी फाडताना तो रोज फाडला.

आणि सभागृह सोडा. होस्टेलवर रात्री जेवणानंतर जा, एकेकाला तीन बोटं घालायला लावा. पोरं एकमेकांची मोजतातच.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. मंगळवारी होस्टेलवर गेलो. आधी माझी नऊ वर्षं सांगितली, पहिल्या दोन फसलेल्या खेपांसकट. मग मोजामोज. चौतीस पोरांत आणखी तिघं अडकले, त्यांतला एक कबड्डीचा कॅप्टन. एकटा नाही म्हटल्यावर आमचा गडी यायला कबूल झाला. काल चौघांना घेऊन संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जाऊन आलो. तुकडा काढायची गरज सध्या नाही म्हणाले. सुपारी बंद, गोळ्या, आणि व्यायाम: आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, हळूहळू एकेक वाढवायची. आमच्या गड्याच्या आज एकोणीस बसल्या.

दंतकथा, एकच शंका: काडी वाढवताना गाल ताणून दुखतो म्हणतो. तेवढं दुखणं चालतं, की थांबवू?