मॉक ड्रिलमध्ये लाइनवरचा कर्णबधिर पोरगा आतच राहिला. आता काय बदलू?

लाइन_तीन (चाकण):
नमस्कार. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी असेंब्ली लाइनचा सुपरवायझर आहे. लाइनवर अठ्ठावीस जण. त्यातल्या एकाला जन्मापासून ऐकू येत नाही. आयटीआय फिटर, बार्शीकडचा, वय चोवीस. हात इतका चोख की पीसच्या कडेवरून नुसता अंगठा फिरवून बर, म्हणजे धातूची बारीक खरखरीत कोर, राहिली आहे की नाही ते सांगतो.

गेल्या महिन्यात आगीची मॉक ड्रिल झाली. भोंगा वाजला, सगळे बाहेर आले. मोजणी केली तर सत्तावीस. मी पळत आत गेलो. तो टॉयलेटमधून नुकताच आला होता, बंद लाइनसमोर एकटा उभा होता, हात ओलेच होते. त्यानं खुणेनं विचारलं, सगळे कुठे गेले? आणि ही फक्त तालीम आहे, खरी आग नाही, एवढंसुद्धा मला खुणेनं सांगता येईना. दीड वर्ष हा माझ्या हाताखाली काम करतोय. त्या रात्री मला झोप आली नाही.

ऑफिसात विषय काढला तर म्हणाले, नोकरी दिली हेच खूप आहे. मला हे पटत नाही. सकाळच्या पाच मिनिटांच्या मीटिंगमध्ये मी त्याच्याकडे बघून सावकाश, मोठ्यानं बोलतो. नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनही पाठवतो. तो अंगठा दाखवतो, पण कधी कधी काम वेगळंच होतं. माझं कुठे चुकतंय?

नागपुरी_बँकवाला:
दादा, मी स्वतः कर्णबधिर आहे. सहाव्या वर्षी तापात ऐकू येणं गेलं, तोवर मराठी तोंडात बसली होती म्हणून आज लिहितोय. तुमच्या पोराचं तसं नाही, हे आधी लक्षात घ्या. जन्मतः ऐकू न येणाऱ्या कित्येकांची खरी भाषा खुणांची असते, मराठी ही शाळेत शिकलेली दुसरी भाषा. खुणांच्या भाषेचं व्याकरणही वेगळं आहे. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, 'तू कुठे राहतोस' हे 'तू राहणं कुठे' असं होतं. त्यामुळे 'जोपर्यंत क्यूसी (मालाची तपासणी करणारे) ओके देत नाही तोपर्यंत पुढचा लॉट लावू नये' असं वाक्य त्याला अडतं. 'आधी क्यूसी ओके. मग नवा लॉट.' असं लिहा, सोबत फोटो टाका.

ओठ वाचण्यावर फार भिस्त ठेवू नका. आरशासमोर आवाज न काढता पान, बाण, मान म्हणून बघा. तिन्ही सारखेच दिसतात. मोठ्यानं बोललात की ओठ वाकडे होतात, उलट अवघड होतं. खिडकीकडे पाठ करून उभं राहू नका, चेहरा काळा दिसतो. आणि अंगठ्याचा अर्थ 'समजलं' असा धरू नका. पुन्हा पुन्हा विचारायची लाज वाटते म्हणून आम्ही अंगठा दाखवतो, मी वर्षानुवर्षं तेच केलं. 'कळलं का' विचारू नका, 'करून दाखव' म्हणा.

एचआर_नाशिक:
ऑफिसचं उत्तर कायद्यात बसत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधलं ४ टक्के आरक्षण सरकारी नोकऱ्यांसाठी आहे, पण कलम २१ खासगी कंपन्यांनाही लागू आहे. प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं आणि त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची. २०१७ च्या नियमांप्रमाणे २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात सोयीसुविधा, प्रशिक्षण, सहायक साधनं हे सगळं लिहावं लागतं आणि एक संपर्क अधिकारी नेमावा लागतो. तुमच्याकडे हे धोरण आहे का, ते लेखी विचारा. दाद लागली नाही तर दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. पण आधी सेफ्टी कमिटीत विषय घ्या, तिथे लवकर हलतं.

मिरजेची_लेक:
माझे आईबाबा दोघंही कर्णबधिर. आमच्या घरी बेल वाजत नाही, दिवा लागतो. भोंग्याला जोडून लुकलुकणारा दिवा बसवा, लाइनवर आणि टॉयलेटमध्येही. शिवाय ड्रिलसाठी त्याचा जोडीदार ठरवा, प्रत्येक शिफ्टला.

खुणा त्याच्याकडूनच शिका, तो आनंदानं शिकवेल. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा शब्दकोश २०२१ मध्ये आला, त्याचे व्हिडिओ मोफत बघता येतात.

एक विचारते, राग मानू नका. लाइनवर त्याला 'मुक्या' म्हणतात का? बाबांना गिरणीत सगळे तसंच म्हणायचे. ते ओठांवरून ओळखायचे आणि घरी येऊन गप्प बसायचे. आणि सगळे हसले की बाबा विचारायचे, काय झालं? उत्तर ठरलेलं, 'काही नाही, नंतर सांगतो.' ते नंतर कधी आलं नाही.

लाइन_तीन:
ताई, हो, म्हणत होते. मीही कधी अडवलं नव्हतं. सोमवारी मीटिंगमध्ये सांगितलं की यापुढे नावानंच हाक मारायची, म्हणजे खांद्यावर हात ठेवून.

तीन आठवड्यांत झालं ते असं. मीटिंगआधी फळ्यावर तीन ओळी लिहितो, तो पहिल्या रांगेत उभा असतो. रोज एक खूण तो सगळ्यांना शिकवतो. थांब, आग, बाहेर चल, जेवण, पीस खराब, एवढ्या आता सगळ्यांना येतात. पहिल्याच दिवशी 'करून दाखव' म्हटलं तेव्हा कळलं, टॉर्कचा, म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळायचा त्याचा, आकडा बदललेला त्याला कुणी सांगितलाच नव्हता. मी आठ दिवस रिजेक्शन त्याच्या नावावर टाकत होतो. ती नोंद खोडून घेतली आणि त्याची माफी मागितली. ती खूण मात्र मला शब्दकोशात बघून जावं लागलं.

कँटीनमध्ये परवा कुणीतरी काही बोललं, सगळे हसले. त्यानं माझ्याकडे बघितलं. मोबाइलवर अख्खा विनोद टाइप करायला मला चार मिनिटं लागली. वाचून तो म्हणाला, म्हणजे हातानं म्हणाला, यात हसण्यासारखं काय आहे?

मला त्यानं खुणेतलं नाव दिलंय, दोन बोटं शर्टाच्या खिशावर. तिथे माझं व्हर्नियर, माप घ्यायचं साधन, असतं.

दिवा लाइनवर बसला. टॉयलेटमधला अजून नाही. मेंटेनन्सला दुसरं पत्र दिलंय, तोवर तिकडे जाताना तो जोडीदाराला सांगून जातो. समान संधी धोरणाचं विचारलंय, लेखी उत्तर आलं की इथे टाकतो.