सोलारचं सॉफ्टवेअर करणाऱ्यांनी उद्योगसंघटनेत जावं का?

जांभाखडक (रत्नागिरी): मंडळी, आमचं सॉफ्टवेअर छपरावरच्या सोलारवर नजर ठेवतं आणि वीजबिल पडताळतं. ग्राहक म्हणजे बर्फाचे कारखाने, शीतगृहं, आंब्याचे कॅनिंगवाले. पॅनेल आम्ही विकत नाही, बसवतही नाही. तरी स्वच्छ ऊर्जेच्या संघटनेत या म्हणून आग्रह चाललाय. वर्गणी भरून पदरात नेमकं काय पडतं?

तीनफेज: वेबसाइटवर लोगो लावायला जात असाल तर पैसे वाचवा. खरं कारण नियम. दररचना बदलली की पॅनेलवाल्याचं काही अडत नाही, तुमचं बिलाचं गणित चुकतं. वीज ग्राहक हक्क नियमांतली २०२३ ची दुरुस्ती बघा: कमाल मागणी १० किलोवॅटच्या वर असलेल्या व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून वेळेनुसार दर, मागणी चढते तेव्हा नेहमीच्या किमान १.२ पट, सौर तासांत (दिवसा, ऊन असताना) किमान २० टक्के कमी.

आता ज्यांनी युनिटच्या ताशी बेरजा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत, आपल्या साडेपाच तास मागे) साठवल्या, त्यांचा प्रत्येक तास आपल्या घड्याळात साडेला तुटतो. सकाळचे ९ म्हणजे यूटीसी ३:३०. दर ९ ला बदलत असेल तर ८:३० ते ९:३० चे युनिट मागाहून वेगळे काढता येत नाहीत. १५ मिनिटांच्या नोंदी ठेवा: दिवसाला ९६, ३० दिवसांत मीटरमागे २,८८०. मीटर वेळ नोंदवतो ती त्या १५ मिनिटांच्या सुरुवातीची की शेवटची, तेही बघा. असे प्रश्न नियमाचा मसुदा चर्चेत असतानाच संघटनेतून विचारायचे असतात.

खारावारा: तीनफेज, अर्धंच पटलं. वीज नियामक आयोगाच्या मसुद्यावर सूचना-हरकती कोणीही देऊ शकतो, सदस्यत्व लागत नाही. संघटनेत सॉफ्टवेअरवाल्याला भेटतात ती सोलार बसवणारी माणसं, आणि ती लाखमोलाची.

पावसाळ्यात सकाळी इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसी करणारं यंत्र) इन्सुलेशन कमी म्हणून चालूच होत नाही आणि ऊन पडल्यावर आपोआप सुरू होतो. तो बहुतेकदा ओला कनेक्टर किंवा सोललेली डीसी केबल. सॉफ्टवेअर दिवसाचे युनिट बघून 'ढगाळ हवा' म्हणून सोडून देतं. पॅनेलवर पडणारं ऊन मोजून त्याच्याशी ताडलं तरच कळतं. कुठल्या कंपनीचा इन्व्हर्टर त्यासाठी कुठला कोड देतो, मॉडबसच्या (यंत्रातून आकडे वाचायची पद्धत) कुठल्या रजिस्टरमध्ये म्हणजे कप्प्यात, वाचलेला आकडा १० ने गुणायचा की भागायचा, हे बसवणाऱ्यालाच ठाऊक. माहितीपुस्तिका आणि प्रत्यक्ष फर्मवेअर (यंत्रातलं सॉफ्टवेअर) कैकदा जुळत नाही.

जांभाखडक: म्हणजे संघटनेच्या कार्यगटात आमचा इंजिनिअर पाठवायचा, विक्रीवाला नव्हे?

खारावारा: अगदी. विक्रीवाला गेला की दुसऱ्या बैठकीपासून लोक तोंड चुकवतात.

तीनफेज: आणि पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. तांत्रिक कार्यगट आहे का, त्याची इतिवृत्तं सदस्यांना मिळतात का, मतदानाचा हक्क कुठल्या वर्गाला. सहयोगी सदस्याला तो नसतो असं बऱ्याच ठिकाणी आढळेल. बैठका पुण्या-मुंबईला असतील तर ऑनलाइन बसू देतात का तेही विचारा, नाहीतर वर्गणीपेक्षा रत्नागिरीहून जाण्यायेण्याचाच खर्च वर जाईल.

बैठकीत दर, सवलत, कोण कुठल्या भागात विकणार यावर चकार शब्द नको. स्पर्धा कायदा, २००२ चं कलम ३ (स्पर्धकांच्या संगनमताला मनाई) तिथे आडवं येतं. आणि उदाहरण म्हणून ग्राहकाचा डेटा दाखवायचा तर नाव, ग्राहक क्रमांक आणि अक्षांश-रेखांश काढून. एका गावात दोनच बर्फाचे कारखाने असतात, लोडच्या आलेखावरूनसुद्धा ओळखतात.