खान्देशात आपण हेवी मेटल (जड, कर्कश गिटारींचे रॉक संगीत) प्रथम कसे ऐकले?

प्रश्न (जळगाव):
१९९१ मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही ही संगीतवाहिनी भारतात आली आणि १९९४ मध्ये तिच्या जागी चॅनल व्ही आले. आमच्या गल्लीत केबलची तार आली तेव्हा मेटॅलिका या अमेरिकी हेवी मेटल बँडचे 'एंटर सँडमन' हे गाणे मी पाहिले, आणि सुरुवातीच्या एकट्या गिटारीवर हळूहळू चढत जाणाऱ्या ड्रम्सनी मला जागीच खिळवले. आपला अनुभव काय?

उत्तर (भुसावळ):
घरात टीव्ही एकच असल्याने सर्वजण झोपल्यावर आवाज अगदी बारीक करून, संचाच्या जाळीला कान लावून मी ऐकत असे. आजी जागी झालीच तर अहिराणीत रागावे. गावात या संगीताच्या कॅसेट मिळत नसत, मामा मुंबईहून आणत.

उत्तर (धुळे):
मला ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे गिटारवादक टोनी आयोमी अधिक जवळचे वाटतात. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे असल्याने तारा दाबण्याचा हात तोच होता. त्यांनी प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे बनवली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे ताण कमी व्हावा म्हणून गिटार खालच्या सुरात लावली, ज्यातून तो जड, काळोखा नाद अधिक गडद झाला. माझे वडील गिरणी कामगार होते, म्हणून ही हकीकत मला फार भिडते.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. ३० ऑक्टोबर २०११ रोजी मेटॅलिका बंगळूरला वाजवणार होते, तेव्हा मी भुसावळहून कर्नाटक एक्सप्रेसने गेलो होतो. आपल्यापैकी आणखी कोणी तेथे होते का?