शब्दचर्चा : 'ग्रंथालय काढणे' म्हणजे उघडणे की पुसणे?

शाईपेन
आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कोहा ही ग्रंथालयाचं काम सांभाळणारी संगणकप्रणाली आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्या दोघांसाठी मी मराठीत टिपण करतेय, टर्मिनलवर कुठली कमांड कशासाठी वापरायची त्याचं. कोहा-क्रिएटसमोर 'नवीन ग्रंथालय तयार करणे' लिहिलं, कोहा-डिसेबलसमोर 'बंद ठेवणे'. कोहा-रिमूव्हसमोर 'ग्रंथालय काढणे' लिहिलं, तर सहकारी म्हणाले, "म्हणजे नवीन काढायचं ना?" त्यांचंही खरं. शाळा काढली, पतसंस्था काढली, दिवाळी अंक काढला, सगळीकडे अर्थ सुरू केल्याचाच. आणि ही कमांड तर डेटाबेससकट सगळं नेते. 'कीप-मायएसक्यूएल' हा पर्याय जोडला तरच डेटाबेस मागे राहतो. 'काढून टाकणे' चालेल?

गावकूस
पळेल. 'टाकणे' लागलं की विषय संपला. विकून टाकलं, देऊन टाकलं. परत येत नाही.

अनुस्वार
संपत नाही हो. "एकदाचा अंक काढून टाकला" असं संपादक म्हणतो तेव्हा अंक बाजारात आलेला असतो. 'टाकणे' फक्त काम उरकल्याचं सांगतं, कुठलं काम ते नाही. 'निष्कासन' लिहा. नेमका शब्द आहे, सरकारी कागदात रुळलेला आहे.

चहाटळ
अतिक्रमण निष्कासन पथक आलं! आधी फलक लावणार का सर्व्हरवर? आमच्या ऑफिसात सरळ 'उडवणे' म्हणतात. "डेटाबेस उडवला" म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तेवढा यायलाच हवा.

गावकूस
यात आणखी एक सोय आहे. 'उडाला' म्हणजे आपोआप, 'उडवला' म्हणजे कोणीतरी. चौकशीत सगळे 'उडाला'च म्हणतात.

अनुस्वार
विनोद पुरे. भाषा संचालनालयाचे कोश लोकांनी उघडलेच नाहीत, म्हणून ही 'कमांड मारली', 'क्वेरी मारली' भाषा आली. कमांड देतात, मारत नाहीत.

चहाटळ
शिक्का मारतात, सही मारतात, फेरी मारतात. मग कमांडनेच काय घोडं मारलंय? आणि तुमची 'आज्ञा' घेतली तर 'आज्ञावली'चं काय करायचं? ती आधीच प्रोग्रॅमला देऊन बसलात.

तलाठीपुत्र
शाईपेनताई, रिमूव्हच्या आधीची ओळ महत्त्वाची. कोहा-डंपला, म्हणजे डेटाबेसची प्रत करून ठेवणाऱ्या कमांडला, काय लिहिलंत? आमच्याकडे एकजण 'डंप' म्हणजे कचरा समजून ते फोल्डर रिकामं करायला निघाला होता. माझं मत 'उतारा'. सातबाराचा उतारा काढतो तसा. उतारा काढला म्हणून वडिलांच्या दप्तरातलं काही कमी होत नसे, मूळ वही जागच्या जागी. आणि रिस्टोअरला 'चढवणे', कारण सातबाऱ्यावर नाव चढवतातच. उतरवून घ्या, चढवा. जोडी जमते.

मांडवीकाठ
आमच्या गोव्यात सातबारा नाही, एक-चौदा. पण उतारा कळेल.

अनुस्वार
उतारा एका गटाचा असतो. डंप अख्ख्या डेटाबेसचा. शिवाय कोहा-डंप दोन फायली करतं, एक एसक्यूएलची, दुसरी कॉन्फिगरेशन वगैरेची टार, म्हणजे अनेक फायलींचं एकच गाठोडं. कोहा-रिस्टोअरला दोन्ही द्याव्या लागतात. याला उतारा कसं म्हणणार? 'समग्र प्रत' म्हणा.

चहाटळ
चुकून रिमूव्ह मारलं की उताराच लागतो, विषावरचा. शब्द पक्का!

शाईपेन
'उतारा' आवडला. पण त्यातही 'काढणे' आलंच. उतारा काढणे आणि ग्रंथालय काढणे एकाखाली एक आले तर? एक निर्धोक, दुसरं सगळं पुसणारं.

मोडीवेडा
जरा अवांतर. 'कोहा' हा माओरी शब्द. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयांसाठी ही प्रणाली झाली आणि २००० च्या जानेवारीत सुरू झाली. अर्थ 'भेट' असा सांगतात, पण त्या भेटीत परतफेडीचा रिवाज गृहीत आहे. आपला आहेर तो! लिहून ठेवायचा आणि त्यांच्या घरच्या कार्याला फेडायचा.

चहाटळ
मी इतके दिवस आवळा देऊन काढतात तोच कोहा समजत होतो. बघा, इथेही 'काढणे'!

मोडीवेडा
आणि तलाठीपुत्र 'दप्तर' म्हणाले, तर डेटाबेसला तोच शब्द का नको? फारसी दफ्तर, त्याच्या मुळाशी ग्रीक 'डिफ्थेरा', म्हणजे कातडं. घशात कातड्यासारखा पडदा धरणारा डिप्थेरिया याच शब्दावरून. पोरांचं दप्तर आणि घटसर्प सख्खे भाऊ.

अनुस्वार
म्हणजे परत फारसी. शिवकाळात राज्यव्यवहारकोश कशासाठी झाला मग?

मोडीवेडा
कोश झाला, तरी दप्तर दप्तरच राहिलं. आणि फारसी-मराठी कोश रचणारे माधव जूलियन पुढे भाषाशुद्धीच्या बाजूला गेले, तेव्हा दोन्हीकडचे दाखले मिळतात. तुमचा तुम्ही निवडा.

गावकूस
'दप्तर' म्हटलं की शाळेची पिशवीच डोळ्यांसमोर येते. "कोहाचं दप्तर उतरवून घ्या" वाचून आमचा शिपाई खुंटीकडे बघेल.

तलाठीपुत्र
बघू द्या. 'दप्तर दिरंगाई' कायदा म्हणतो तेव्हा कुणाला पिशवी आठवते? २००५ चा कायदा, सरकारी नाव हातभर लांब, पण लोकांनी हेच धरलं.

अनुस्वार
त्यातली 'दिरंगाई'सुद्धा फारसीच. 'विलंब' होता की घरात.

मांडवीकाठ
विलंबात लोळण्याची मजा नाही हो. आणि ते दप्तर की दफ्तर? आमचे मास्तर 'फ' नसला की अर्धा गुण कापायचे.

मोडीवेडा
बोलताना 'दप्तर', पुण्यातल्या पेशव्यांच्या कागदांना 'दफ्तर'. दोन्ही चालतं.

अनुस्वार
दोन्ही कसं चालेल?