बाळंतपणानंतर उरलेलं इन्सुलिन कुणाला द्यावं?

जुळे_सोलापूरची_लेक:
पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेय. सातव्या महिन्यात शुगर वाढली, पथ्याने भागेना म्हणून इन्सुलिन सुरू झालं. मुलगी झाली आणि डॉक्टरांनी ते लगेच बंद केलं. आता आईच्या फ्रीजच्या दारात, शेंगा चटणीच्या बरणीला टेकून, इन्सुलिनच्या पेनमध्ये घालायच्या, न फोडलेल्या चार कार्ट्रिज (औषधाच्या नळ्या) आहेत. पेनमध्ये एक अर्धी. शिवाय पेनच्या सुयांचं पाकीट, बोट टोचायच्या लॅन्सेट, शुगर तपासायच्या मशीनच्या स्ट्रिप्सच्या दोन डब्या, एक फोडलेली.

आईच्या हातून काहीच टाकवत नाही. विडी घरकुलातून कामाला येणाऱ्या मावशी इन्सुलिन घेतात. आईचं म्हणणं, "तिला दे, सिरिंजने ओढून घेईल." मला धास्ती वाटते. मावशींच्या बाटलीवर 30/70 लिहिलंय, माझ्या कार्ट्रिजवर नुसतं आर. एवढ्याने काय फरक पडतो, असं आई विचारते.

काउंटरमागचा:
काय ओ ताई, आईंना आधी थांबवा! मेडिकलवर बसतो म्हणून सांगतो. बाटलीतलं इन्सुलिन आपल्याकडे बहुतेक 40 युनिटचं असतं, म्हणजे एका मिलीत 40. पेनच्या कार्ट्रिजमध्ये एका मिलीत 100. मावशींकडे लाल टोपणाची सिरिंज असणार, ती 40 ची. तिच्यावर 10 च्या खुणेपर्यंत तुमचं औषध ओढलं तर अंगात 25 युनिट जातील. अडीचपट. शुगर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडतो, आणि मावशी घरी एकट्या असतील तर बघायला कोण?

दुसरं, आर म्हणजे जेवणाआधीचं, लवकर उतरणारं. 30/70 मध्ये 70 टक्के सावकाश चालणारं असतं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. आणि ते अर्धं पेन सुई बदलूनसुद्धा कुणाला देऊ नका, रक्ताचा अंश आत मागे येतो. फोडलेली कार्ट्रिज तशीही 28 दिवसांच्या पुढे वापरायची नसते.

विकायचं मनात असेल तर तेही सोडा, लायसन्सशिवाय औषध विकता येत नाही.

टाइप_वन_चा_बाप:
माझा मुलगा सहावीत आहे, दिवसाला चार सुया. सीलबंद कार्ट्रिज आमच्यासारख्यांना सोन्यासारख्या, पण डॉक्टरांच्या हातून. तुमच्याच डॉक्टरांना विचारा, नाहीतर सिव्हिलच्या मेडिसिन ओपीडीत. घेतील की नाही, ते तेच ठरवतील. मुदत किती उरली आणि सगळा वेळ 2 ते 8 अंशांत राहिलं का, हे खरं सांगा. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो, त्यात दुपारभर लाइट नसली तर फ्रीजचंही काही खरं नाही. बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलेलं असेल तर ते सरळ बाद. दिसायला चांगलं दिसलं तरीसुद्धा.

सीलबंद सुया मात्र बिनधास्त कुणालाही द्या, बहुतेक पेनला बसतात. स्ट्रिप्स त्याच कंपनीच्या त्याच मशीनला चालतात, म्हणून मॉडेल विचारून द्या. फोडलेली डबी नको.

रिटायर्ड_सिस्टर:
बाळा, मशीन आणि एक डबी स्ट्रिप्स स्वतःजवळच ठेव. गरोदरपणात शुगर वाढलेल्या बाईला पुढे मधुमेह होण्याची शक्यता जास्त असते. बाळंतपणानंतर 6 आठवड्यांनी 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन लॅबमध्ये तपासणी करायची असते, ती मशीनवर भागत नाही. बाळाच्या गडबडीत निम्म्या पोरी जातच नाहीत, मी ओरडून ओरडून थकले. पुढेही दर एक-दोन वर्षांनी तपास.

वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, टॉयलेट क्लीनरची चालते. झाकण लावून वर चिकटपट्टी मार, 'सुया' असं मोठं लिही आणि घंटागाडीवाल्याला हातात वेगळी दे, ओल्या-सुक्यात नको.

जुळे_सोलापूरची_लेक:
अडीचपटचा हिशोब आईला कागदावर मांडून दाखवला, तेव्हा गप्प बसली. मावशींचं मशीन वेगळ्या कंपनीचं निघालं, त्यामुळे स्ट्रिप्सचाही प्रश्न मिटला. त्या पेन वापरत नाहीत, म्हणून सुया @टाइप_वन_चा_बाप, तुमच्या मुलाला हव्या असतील तर कळवा, 4 मिमीच्या आहेत. कार्ट्रिज सोमवारी डॉक्टरांकडे नेते, बर्फाच्या पिशवीत, पण बर्फाला न टेकवता.

टाइप_वन_चा_बाप:
4 मिमीच लागतात. मेसेज केलाय.